पाच नंबरचा हुरडा

सूप वाजायला लागलं की आमच्या आत्याच्या घरी दिवस उजाडायचा. गजराचं घड्याळ होतं, पण ते मामांनी एकदा झोपेत भिंतीवर फेकून मारल्तं, तेव्हापासून त्यात कायम सव्वातीन वाजलेले असत. मामा म्हणजे आत्याचे मालक. रोलिंग मिलमधली रातपाळी करून सकाळी येत आणि दारालगतच्या खाटेवर आडवे होत. त्यांच्या उशापासून दोन हातांवर आत्या ज्वारी पाखडत बसायची. फट, फट, सर्रर्र. फट, फट, सर्रर्र. त्या आवाजात मामा गाढ झोपायचे आणि आत्याचा हात थांबला की दचकून उठून विचारायचे, "काय झालं?" त्यामुळे आत्याला शेजारणीशी बोलायचं असलं तरी रिकामं सूप हलवत बोलावं लागायचं. मी हे सांगते तर आमची पोरं हसतात, म्हणतात आई काहीही बनवून सांगते. बनवून सांगायला मला वेळ कुठंय? कोर्टात शपथेवर सांगेन.

जालन्यात मोंढ्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. आत्या मोंढ्यातल्या दुकानांत धान्य निवडायला जायची आणि त्या कामात तिचा दरारा होता. मूठभर दाणे सुपात घेतले की ती सांगायची, हा माल काळ्या रानातला, खळ्यावर एकदा भिजल्ता, आणि पोत्यात उंदीर नाही, घूस शिरली होती. दुकानदार तिची परीक्षा घ्यायला दोन ठिकाणची ज्वारी मिसळून द्यायचे, तर ती दोन ढीग वेगळे करून वर म्हणायची, "तुमच्या दाढीतला एक दाणा पडलाय यात, तो घेऊन जा." सकाळी निघायच्या आधी ती सुशीला करायची. आमच्याकडं सुशीला म्हणजे भिजवलेले मुरमुरे, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट आणि वरून भरपूर कोथिंबीर. पुण्याच्या एका बाईंना मी एकदा म्हणाले, "सकाळी सुशीला खाल्ली," तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. असो.

मी तीर्थपुरीजवळच्या शेतवस्तीवरून आत्याकडं शिकायला आल्ते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला एका सालाच्या बोलीवर सोडल्तं. "एक साल शीक. बराबर पास झाली तर पुढचं पुढं. न्हाई तर स्थळ तयार आहे." आणि स्थळ खरंच तयार होतं. त्याला ट्रॅक्टर होता, विहीर होती, सगळं होतं. पण एका लग्नात मी त्याला चहा पिताना पाहिल्तं. बिस्कीट चहात बुडवून ते तोंडापर्यंत येईस्तोवर तो माणूस जबडा सताड उघडा ठेवून बसायचा, आणि मधेच कुणी बोलायला आलं की तसाच उघडा जबडा त्याच्याकडं वळवायचा. मी ठरवलं, काही झालं तरी पास व्हायचंच. माझ्या शिक्षणामागची प्रेरणा कुणी विचारली की मी बाकी सगळं सांगते, हे सांगत नाही.

कॉलेजात वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर लॅब होती. बारा कॉम्प्युटर आणि आम्ही साठ-सत्तर जण. दोघांत एक कॉम्प्युटर, अर्धा तास, आणि पुढच्या जोडीने दार वाजवलं की उठायचं. माझी जोडीदारीण मीरा, आणि आमचा कॉम्प्युटर पाच नंबरचा. अख्ख्या कॉलेजात पडदे असलेली आणि गार हवा असलेली ती एकच खोली, त्यामुळे आत शिरताना आमचा आवाज आपोआप देवळात गेल्यासारखा खाली यायचा. आणि तिथले पुजारी म्हणजे साबळे सर. काडीसारखे बारीक, शर्टाच्या खिशात लाल पेन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ते रागावले की छापील पुस्तकासारखं बोलत आणि घाबरले की आपल्यासारखं. बरेच महिने आम्ही त्यांचं छापीलच ऐकलं.

दारावर नियमांचा फलक होता. 'विद्यापीठाच्या सूचनेनुसार' असं वर लिहिलेलं, पण विद्यापीठाने पाठवलेले नियम असतील सात-आठ, बाकीचे सरांनी अनुभवातून वाढवलेले. एकवीस नियम, आणि प्रत्येकामागे एकेक गुन्हेगार. नववा नियम होता, 'संगणकास हार घालू नये,' कारण दसऱ्याला आमच्या पुढच्या वर्गाने बाराही कॉम्प्युटरची पूजा करून झेंडू वाहिल्ता आणि माऊसच्या चेंडूला कुंकू लावल्तं. पडद्यावरचा बाण महिनाभर अडखळत चालत होता. अकरावा, 'संगणकासमोर मोठ्याने शिंकू नये.' चौदावा, 'आपला पासवर्ड कुणालाही सांगू नये.' हा नियम आम्ही कधीच मोडला नाही, सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांनी आपापल्या घरच्या बैलाचं नाव ठेवलेलं आणि कुणाचा बैल कोणता हे सगळ्यांना पाठ. वर्गात तीन सर्जा होते, चार राजा होते. एकाने शहाणपणा करून म्हशीचं नाव ठेवलं, तेही दोन दिवसांत फुटलं. आणि तेरावा नियम, जाड अक्षरांत, खाली दोनदा लाल रेघ मारलेला: 'संगणक कक्षात कोणताही खाद्यपदार्थ आणू अथवा खाऊ नये. नाव कायमचे कमी करण्यात येईल.' लॅबमधून नाव कमी म्हणजे प्रॅक्टिकल नाही, प्रॅक्टिकल नाही म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे तो उघडा जबडा. हा हिशेब मला पक्का ठाऊक होता.

आणि तरी मी हुरडा घेऊन आत गेले. पण माझी बाजू आधी ऐका. माघाचे दिवस होते. अण्णांनी सकाळी रानात कोवळी कणसं आगटीत भाजली, गरम गरम हातावर चोळून हिरवे दाणे काढले, धोतराच्या धुतलेल्या फडक्यात बांधले आणि तीर्थपुरीच्या स्टँडवर कंडक्टरच्या हाती दिले. आमच्याकडं घरून काहीही यायचं ते असंच, कंडक्टरच्या सीटखालून. जालन्याच्या स्टँडवर जाऊन मी गाठोडं घेतलं तेव्हा ते पोटाशी उबदार लागत होतं. बाराला माझी लॅबची वेळ. घरी जाऊन यायला वेळ नाही, आणि हुरडा काही थांबत नाही, संध्याकाळपर्यंत त्याची गोडी जाते. लेकीसाठी बापाने विस्तवाशी हात भाजून घेतले आणि लेकीने तो वाळवून टाकायचा? सांगा बरं, तुम्ही काय केलं असतं? तेही जाऊ द्या. मला भूक लागली होती, हे खरं कारण.

गाठोडं मांडीवर, वर ओढणी. एका हाताने टाइप करायचं, दुसऱ्या हाताने चिमूट. मीराला वास लागला. "चटणी न्हाई का गं?" ती कुजबुजली. चटणी होती, जवसाची, पण एकदा तिला चटणी दिली की मंग ती दही मागणार हे मला ठाऊक होतं. एवढ्यात लाइट गेली. पडदे ओढलेले, त्यामुळे मिट्ट काळोख, आणि सगळीकडं तोच कॉलेजातला ठरलेला "होऽऽ" असा ओरडा. आम्ही दोघींनी मुठी भरून बोकाणे भरायला सुरुवात केली. तोंडं भरलेली, आणि तेवढ्यात सरांची बॅटरी रांगेने एकेक चेहरा तपासत यायला लागली. मीराने घाबरून मला कोपर मारलं, गाठोडं उडालं आणि सगळा हुरडा पाच नंबरच्या कीबोर्डवर. मी अंधारात तो तळहाताने गोळा करायला गेले. गोळा कसला करते, एकेक दाणा नीट दाबून बटणांच्या आत भरला. कोवळे दुधाळ दाणे ते, चिकटले. वर कापडी आच्छादन टाकलं आणि आम्ही दोघी देवासमोर बसल्यासारख्या हात जोडून बसलो.

लाइट आली. अकरा कॉम्प्युटर गुमान सुरू झाले आणि पाच नंबर जो किंचाळायला लागला, टींऽऽ टींऽऽ टींऽऽ, तो थांबेचना. सर आले. आच्छादन काढलं. वाकले, वास घेतला. "हुरडा?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. मला तिथंच संशय यायला हवा होता. पण लगेच ते ताठ झाले आणि छापील सुरू झालं. "हा अक्षम्य प्रकार आहे. हे यंत्र एकट्या तुझ्या मालकीचे नाही. उद्या पालकांना घेऊन ये. तोपर्यंत तुझे नाव कमी." लाल पेन निघालं आणि हजेरीतल्या माझ्या नावावर आडवी रेघ ओढली. मीरा पुढे होऊन म्हणाली, "सर, मी पण खाल्ला." सर म्हणाले, "तुझ्या पालकांनाही आण." मीरा म्हणाली, "सर, मी थोडाच खाल्ला." मैत्रीण अशी असावी.

घरी जाऊन मी जी रडले ती रडलेच. सूप थांबलं, मामा उठून बसले. "काय झालं?" म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना खरंच काहीतरी झालेलं सापडलं. अण्णांना बोलवायचं कोणत्या तोंडाने? तुम्ही पाठवलेल्या हुरड्याने माझं साल बुडालं, असं सांगायचं? त्यांनी हुरडा भाजणंच सोडलं असतं. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मी वाट बघत होते की आता बोलणी बसणार. तर ती म्हणाली, "दाणे अडकलेत ना? मंग रडून काय राह्यली? दाण्याचं काम आहे ना ते? मी येते."

दुसऱ्या दिवशी आत्या लॅबच्या दारात उभी, नऊवारी खोचलेली, काखेत सूप. चपला तिने न सांगताच बाहेर काढल्या, हे सरांनी पाहिलं. मी फलक दाखवला तर म्हणाली, "हे सगळं न करायचं लिवलंय. करायचं काय ते कुठं लिवलंय?" सरांनी आडवा हात धरला. "मावशी, नाव नोंदवल्याशिवाय यंत्राला कुणालाही हात लावता येत नाही. नियम आहे." "मंग लिव्हा नाव," आत्या म्हणाली. सरांनी वही उघडली. तिच्यात तीन रकाने होते, नाव, वेळ, कारण. आत्याचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि पेन कारणापाशी थांबलं. "काय लिहू?" "लिव्हा, पाखडणे." सरांनी आमच्याकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, सुपाकडं पाहिलं आणि लिहिलं, पाखडणे.

मीराने मागची वायर काढून दिली. आत्याने पाच नंबरचा कीबोर्ड सुपावर पालथा धरला आणि पाठीवर अशा थापट्या मारल्या, जशा ती तान्ह्या लेकराला ढेकर काढायला मारते. हुरडा पडला. मागोमाग बरंच काही पडलं. तिने सूप दोनदा हलवलं, एक फुंकर मारली आणि बोट फिरवत वाचायला लागली. "हा हुरडा आमच्या पोरीचा, कबूल. पण हे फुटाणे? ही फुटाणे खात न्हाई, हिला ढेकरा येत्यात. ही बडीशेप कुणाची? अन् हे चिंचोके जुने हैत, औंदाचे न्हाईत." सर चकित झाले. मंग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला आणि ते स्वतःच म्हणाले, "सहा नंबरचाही बघा." सहा नंबरमधून शेंगदाण्याची टरफलं निघाली. आठमधून चुरमुरे. दहामधून नाकातली एक चमकी निघाली, तिच्यासाठी एका पोरीने घरी मार खाल्ल्ता, ती तिथंच रडायला लागली. मागची दोन पोरं हळूच दाराकडं सरकली तर सर ओरडले, "कुणीही बाहेर जाणार नाही!" अकरा कीबोर्ड झाले, वर्तमानपत्रावर अकरा ढीग पडले, आणि सर लाल पेन हातात धरून हजेरी चाळत होते. साठ-सत्तरातली किती नावं कापायची, याचाच हिशेब चाललेला असावा.

"अन् ते कोपऱ्यातलं?" आत्याने विचारलं.

"ते माझं आहे," सर म्हणाले. "ते स्वच्छ आहे."

"बघू की."

"मावशी, खरंच गरज नाही."

पण आत्याच्या हातात तो कीबोर्ड कधीच आला होता. तिने पालथा धरला, पहिली थाप मारली, आणि देवाशपथ सांगते, पाऊस पडला. शेव पडली. पोहे पडले. कढीपत्त्याचं एक अख्खं पान पडलं. भाकरीचा चुरा, लाल चटणी, लसणाची साल, भाताची शितं, आणि सगळ्यात शेवटी टप्पकन एक मटकी, तिला चांगला बोटभर मोड आलेला. तो एक ढीग बाकीच्या अकरांना भारी होता. मीराच्या नाकातून पहिल्यांदा आवाज आला, मंग असा हशा फुटला की खालच्या मजल्यावरून प्राध्यापक वर आले. आत्या मात्र हसली नाही. ती दाणे वाचत होती. "हे आजचं न्हाई," ती हळू म्हणाली. "हे रोजचं हाय. सर, तुम्ही जेवायला घरी जात न्हाई का?"

सर खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदा आपल्यासारखं बोलले. "कसा जाऊ, मावशी? घर हे इथं मागंच हाय, दोन मिनिटं न्हाई लागत. पण बाराच्या बारा मशीन माझ्या सहीवर हैत. मी भायेर गेलो अन् कुणी काई केलं तर? एक बिघडली तरी ही साठ पोरं कशावर शिकतील? तीन सालं झाली, दुपारचं गरम जेवलो न्हाई. बायको डबा देती, तो हितंच, हात राखून खातो. पर सांडतं." आमचं हसू कुठल्या कुठं गेलं. ज्या माणसाला आम्ही राक्षस समजत होतो तो बारा कॉम्प्युटरमागे उपाशी बसलेला निघाला, आणि मला त्यांची अशी कीव आली की माझं स्वतःचं दुखणं मी विसरले. पाच मिनिटंच विसरले, पण विसरले.

"रानात पाखरं राखायला बसतो आम्ही," आत्या म्हणाली. "पर एकटं कुणी बसत न्हाई. गडी जेवायला उतरला की बाई माळ्यावर चढती. तुमच्याकडं साठ जण हैत अन् राखण एकट्याची? ही आमची पोर बसंल दुपारी एक तास." सर दचकले. "ही? जिने हुरडा सांडला ती?" "तीच. तिला चांगला धाक बसलाय. काल रडून रडून तिनं आमच्या मालकाला जागवलं, जो माणूस भूकंपात उठत न्हाई." सरांनी हजेरी पुढ्यात ओढली. मंग त्यांनी माझ्या नावावरच्या लाल रेघेच्या वर, बारीक अक्षरात, माझं नाव पुन्हा लिहिलं. किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला, उचलला, परत ठेवला. आणि गेले.

पहिल्या पाच मिनिटांत ते तीनदा व्हरांड्यातल्या खिडकीशी येऊन डोकावले. तिसऱ्यांदा आत्याने सूप दाखवलं, तेव्हा पळाले. दोन वाजता आले ते ओठ पुसत, डोळे जड झालेले, आणि हातात वाटीभर मटकीची उसळ. "बायकोने दिलीय," मला म्हणाले, आणि लगेच छापील आवाजात, "बाहेर जाऊन खा." त्या दिवसापासून दुपारची राखण माझी. मी इतकी कडक राखण केली की मीराला खिशात बडीशेप होती म्हणून हाकलून दिलं. रिकाम्या लॅबमध्ये एक तास रोज हाताशी कॉम्प्युटर मिळाला, आणि प्रॅक्टिकलला मी वर्गात पहिली आले. फलकावर बाविसावा नियम चढला, 'दर महिन्याच्या शेवटी कीबोर्ड पाखडावेत.' अण्णांनी निरोप पाठवून विचारलं, हुरडा पुरला का? मी कळवलं, साऱ्या लॅबला पुरला. ते खूश झाले आणि दुसऱ्या साली दोन गाठोडी पाठवली. ट्रॅक्टरवाल्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात दुसरीकडं झालं. बायको चांगली आहे त्याची, भेटते कधीतरी, चहा मात्र त्याला ती एकट्याला देते.

आता मीच एका कॉलेजात लॅब सांभाळते. चाळीस कॉम्प्युटर, सगळे माझ्या सहीवर, दारावर माझे स्वतःचे सव्वीस नियम. आत्या गेली, तिचं सूप माझ्या कपाटात आहे, आणि महिनाअखेरीला ते निघतं तेव्हा नवी पोरं मोबाइलवर फोटो काढतात. मागच्या हिवाळ्यात भर दुपारी दाराशी कुणीतरी चपला काढल्याचा आवाज आला. आजकाल चपला कुणी काढत नाही, म्हणून मी वर पाहिलं. साबळे सर. पार पांढरे झालेले, हातात काठी, पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरायचा होता म्हणून माझा पत्ता विचारत आल्ते. मी उठायला गेले आणि उठता येईना, कारण माझ्या मांडीवर डबा होता, हातात भाकरीचा तुकडा, आणि ठेचा नेमका कीबोर्डवर सांडलेला. सरांनी कीबोर्ड पाहिला. फलक पाहिला. मला वाटलं, आता छापील सुरू होणार, आणि या वयात माझे कान गरम झाले.

दाराजवळच्या टेबलावर वही असते, ती सरांनी ओढून घेतली, नाव लिहिलं, घड्याळ बघून वेळ लिहिली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, राखण. मंग माझ्या खुर्चीपाशी येऊन किल्ल्यांसाठी हात पुढे केला. "ऊठ," म्हणाले. "घरी जाऊन गरम जेवून ये."

मी गेले. तीनदा खिडकीशी येऊन डोकावले, तिसऱ्यांदा त्यांनी काठी दाखवली, तेव्हा गेले.